कंटेनरमधील रिलेशनल डेटाबेस

कंटेनरमधील रिलेशनल डेटाबेस म्हणजे पोस्टग्रेसक्यूएल, मायएसक्यूएल, मारियाडीबी यांसारखी रिलेशनल डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर थेट न बसवता कंटेनर या विलग आवरणात चालवण्याची पद्धत होय. कंटेनर हा मुळात क्षणभंगुर मानला जातो. तो केव्हाही बंद करावा, पुसावा आणि त्याच साच्यातून नवा उभा करावा, अशी त्यामागची कल्पना आहे. डेटाबेसचे कर्तव्य नेमके याच्या उलट आहे. एकदा पक्की झालेली नोंद वीज गेली, यंत्र बदलले तरी टिकलीच पाहिजे, ही त्याच्याकडून असलेली पहिली अपेक्षा असते. या दोन स्वभावांचा मेळ कसा घालायचा, हाच या विषयाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

रिलेशनल प्रतिमान एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना मांडले. माहिती कोष्टकांत ठेवावी, प्रत्येक ओळीला ओळखीची किल्ली असावी आणि कोष्टकांमधील नाते त्या किल्ल्यांद्वारेच सांगावे, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. महाराष्ट्रातील वाचकाला याची कल्पना महसुली दप्तरावरून सहज येते. गाव नमुना सातमध्ये जमिनीचा गट क्रमांक आणि धारकाचे नाव असते, आठ-अ मध्ये एका खातेदाराच्या नावावरील सर्व जमिनी असतात, बारामध्ये पिके असतात आणि सहामध्ये फेरफार नोंदवले जातात. गट क्रमांक, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक हे या नमुन्यांना एकमेकांशी जोडणारे धागे आहेत. संगणक येण्याच्या कितीतरी आधी तलाठी दप्तरात ही नाती हाताने सांभाळली जात होती.

‘व्यवहार’ ही डेटाबेसमधील दुसरी मूलभूत संकल्पनाही याच दप्तरातून समजते. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव किंवा घाटंजी तालुक्यात एखादे शेत विकले गेले, तर फेरफार मंजूर झाल्यावर जुन्या धारकाच्या नावाला कंस होतो आणि नव्या धारकाचे नाव लागते. यांपैकी एकच गोष्ट घडली, तर जमिनीला धारकच उरणार नाही किंवा एका जमिनीला दोन धारक होतील. म्हणून दोन्ही घडाव्यात किंवा एकही घडू नये, असा दंडक असतो. डेटाबेसमध्ये याला व्यवहाराची अविभाज्यता म्हणतात. व्यवहार पक्का झाल्याची पोच वापरकर्त्याला मिळाल्यावर तो पुसला जाणार नाही, या हमीला टिकाऊपणा म्हणतात. कंटेनरचा प्रश्न येतो तो या दुसऱ्या हमीपाशी.

कंटेनर म्हणजे काय

कंटेनर हा आभासी संगणक नव्हे. आभासी संगणकात संपूर्ण दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालते. कंटेनरमध्ये मात्र मूळ यंत्राचाच लिनक्स कर्नल वापरला जातो आणि आतील प्रक्रियेला बाहेरचे जग दिसू नये, एवढी व्यवस्था केलेली असते. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत १९७९ साली आलेली ‘सीएचरूट’ ही सोय, फ्रीबीएसडीमधील २००० सालचे ‘जेल’ आणि २००८ साली लिनक्स कर्नलमध्ये दाखल झालेले ‘सीग्रुप’ हे या वाटेवरील टप्पे होत. सीग्रुपमुळे एखाद्या प्रक्रियासमूहाने किती स्मृती आणि किती प्रोसेसर वापरावा यावर मर्यादा घालता येते, तर ‘नेमस्पेस’ या सोयीमुळे त्या समूहाला स्वतःचे प्रक्रिया क्रमांक, स्वतःचे नेटवर्क आणि स्वतःची फाइल व्यवस्था असल्याचे भासते.

२०१३ साली आलेल्या डॉकरने या सोयी सामान्य विकसकाच्या हाती दिल्या. २०१४ मध्ये गूगलने कुबरनेटिस ही अनेक यंत्रांवरील कंटेनरांचे नियोजन करणारी प्रणाली जाहीर केली. आरंभी दोन्हींचा भर ज्यांना स्वतःची स्मृती नसते अशा सेवांवर होता. कुबरनेटिसमध्ये डेटाबेससारख्या सेवांसाठी २०१६ साली ‘पेटसेट’ नावाची चाचणी सोय आली. तीच पुढे ‘स्टेटफुलसेट’ या नावाने डिसेंबर २०१७ मध्ये स्थिर घोषित झाली. पहिल्या नावात एक थट्टा दडलेली होती. निनावी सेवा म्हणजे कळपातील गुरे आणि डेटाबेस म्हणजे नाव ठेवून पाळलेला लाडका प्राणी, असा संगणकक्षेत्रातील तो वाक्प्रचार होता.

साठवण

कंटेनर ज्या साच्यातून उभा राहतो त्याला इमेज म्हणतात. इमेज अनेक थरांची बनलेली असते आणि हे थर फक्त वाचता येतात. कंटेनर सुरू झाला की त्यावर लिहिण्यासाठी एक पातळ थर चढवला जातो. मोजणीच्या मूळ नकाशावर ट्रेसिंग कागद ठेवून त्यावर खुणा कराव्यात, तसाच हा प्रकार आहे. खालच्या थरातील फाइलमध्ये बदल करायचा झाल्यास ओव्हरले या प्रचलित व्यवस्थेत ती संपूर्ण फाइल आधी वरच्या थरात उतरवली जाते. मोठ्या डेटा फाइलींच्या बाबतीत हे खर्चिक ठरते. पण त्याहून गंभीर बाब अशी, की कंटेनर पुसला की वरचा कागदही जातो.

यावरील उपाय म्हणजे व्हॉल्यूम. व्हॉल्यूम ही कंटेनरच्या बाहेर, मूळ यंत्रावर किंवा नेटवर्कवरील साठवणीत असलेली जागा असून ती कंटेनरच्या आतील एखाद्या निर्देशिकेवर जोडली जाते. डेटाबेसच्या फाइली तेथे राहतात, कंटेनरच्या आयुष्याशी त्यांचा संबंध उरत नाही. पोस्टग्रेसक्यूएलच्या अधिकृत इमेजमध्ये अशी जागा आधीच घोषित केलेली असते. त्यामुळे वापरकर्त्याने काहीच सांगितले नाही तरी डॉकर एक निनावी व्हॉल्यूम तयार करतो. नवशिक्याची फसगत येथेच होते. जुना कंटेनर पुसून नवा सुरू केला की त्याला नवे, रिकामे निनावी व्हॉल्यूम मिळते आणि सर्व माहिती गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात जुने व्हॉल्यूम बेवारस स्थितीत डिस्कवर असते. मात्र जागा मोकळी करण्यासाठी ‘प्रून’ आज्ञा दिली, किंवा कंटेनर मुळातच ‘काम संपताच पुसावा’ या पर्यायासह सुरू केला असेल, तर ते खरोखरच नष्ट होते. म्हणून व्हॉल्यूमला नाव देणे ही पहिली शिस्त मानली जाते. नाव दिलेले व्हॉल्यूमही डॉकर कंपोझच्या ‘डाउन’ या आज्ञेला व्हॉल्यूम काढण्याचा पर्याय जोडल्यास जाते, हे लक्षात ठेवावे लागते.

व्हॉल्यूम कोठे जोडायचे हेही इमेजच्या आवृत्तीवर अवलंबून असते. पोस्टग्रेसक्यूएलच्या सतराव्या आवृत्तीपर्यंत ते ‘डेटा’ या आतल्या निर्देशिकेवर जोडले जात असे. २०२५ साली आलेल्या अठराव्या आवृत्तीच्या इमेजपासून एक पायरी वरची निर्देशिका जोडावी लागते आणि तिच्या आत आवृत्तीनिहाय उपनिर्देशिका असते. जुन्या पुस्तकातील किंवा वहीतील आज्ञा तशीच उतरवून घेणाऱ्याने हा बदल तपासून घ्यावा.

वीज, डिस्क आणि पूर्वनोंद

टिकाऊपणाची हमी डेटाबेस पूर्वनोंद-लॉगच्या आधारे पाळतो. प्रत्येक बदल मुख्य फाइलींत जाण्यापूर्वी या लॉगमध्ये लिहिला जातो आणि कर्नलला ‘हे डिस्कवर प्रत्यक्ष उतरव’ असे सांगितले जाते. तसे झाल्याची खात्री मिळाल्यावरच व्यवहार पक्का झाल्याचे वापरकर्त्याला कळवले जाते. मुख्य खातेवही सवडीने भरली जाते. व्यापारी दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि नंतर खतावणी करतो, तसाच हा क्रम आहे. मध्येच यंत्र बंद पडले तर पुन्हा सुरू होताना डेटाबेस लॉग वाचतो आणि खतावणी पूर्ण करतो.

ग्रामीण भागात, जेथे वीज अचानक जाणे हा अनपेक्षित प्रसंग नसतो, या यंत्रणेचे मोल विशेष आहे. हंगामात बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना शेतकऱ्याच्या हाती मापाची पावती पडली आणि त्याच क्षणी वीज गेली, तर ती नोंद परत वीज आल्यावर सापडली पाहिजे. त्या नोंदीवरच त्याचा चुकारा अवलंबून असतो. कंटेनर या हमीला बाधा आणत नाही, कारण डिस्कवर उतरवण्याची विनंती अखेर मूळ यंत्राच्या कर्नलकडेच जाते. बाधा येते ती साठवण चुकीची निवडल्यास. विनंती मिळताच प्रत्यक्ष न लिहिता ‘लिहिले’ असे सांगणारी डिस्क, सैल नियमांनी जोडलेली नेटवर्क फाइल व्यवस्था किंवा विंडोजची निर्देशिका थेट लिनक्स कंटेनरमध्ये जोडणे, ही अशा निवडींची उदाहरणे आहेत. शेवटच्या प्रकारात मालकीहक्क आणि वेग या दोन्हींच्या अडचणी येतात. विंडोजवर डॉकर वापरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी नाव दिलेले व्हॉल्यूमच सोयीचे असते.

कंटेनर बंद करण्याची रीतही महत्त्वाची आहे. डॉकरला थांबण्याची आज्ञा दिली की तो आतील मुख्य प्रक्रियेला संकेत पाठवतो, दहा सेकंद वाट पाहतो आणि मग ती बळाने संपवतो. पोस्टग्रेसक्यूएल नेहमीच्या ‘टर्म’ संकेताचा अर्थ ‘सर्व ग्राहक आपणहून जाईपर्यंत थांब’ असा घेते. दहा सेकंदांत ग्राहक जात नाहीत आणि डेटाबेस मारला जातो. त्यामुळे अधिकृत इमेजमध्ये २०२० पासून ‘इंट’ हा संकेत ठरवून दिलेला आहे. तो मिळाला की चालू व्यवहार रद्द करून डेटाबेस लगेच नीट बंद होतो. बळाने बंद झाल्यासही लॉगमुळे पक्क्या नोंदी जात नाहीत. पुन्हा सुरू होण्यास मात्र वेळ लागतो.

एका व्हॉल्यूमवर दोन डेटाबेस

एकच डेटा निर्देशिका दोन सर्व्हरांनी एकाच वेळी उघडणे हा डेटाबेस नासवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. हे टाळण्यासाठी पोस्टग्रेसक्यूएल निर्देशिकेत एक कुलूप-फाइल ठेवते आणि तीत आपला प्रक्रिया क्रमांक लिहिते. दुसरा सर्व्हर सुरू होताना तो क्रमांक जिवंत आहे का हे पाहतो. कंटेनरमध्ये ही राखण निकामी होते. प्रत्येक कंटेनरला आपापले प्रक्रिया क्रमांक असल्याने दोन्ही सर्व्हर स्वतःला क्रमांक एक समजतात. दुसऱ्याला फाइलीत ‘एक’ दिसतो, तो आपलाच जुना शिल्लक क्रमांक आहे असे मानून तो कुलूप बाजूला सारतो आणि काम सुरू करतो. सामायिक स्मृतीच्या आधारे होणारी दुसरी तपासणीही विलगतेमुळे आंधळी ठरते. कोणताही संदेश न येता दोन लेखनिक एकाच वहीवर लिहू लागतात. एका व्हॉल्यूमला एकच डेटाबेस कंटेनर हा नियम म्हणूनच काटेकोरपणे पाळावा लागतो. स्टेटफुलसेट प्रत्येक प्रतीला स्थिर नाव आणि स्वतंत्र व्हॉल्यूम देते त्यामागेही हेच कारण आहे.

वर्णक्रमाचा धोका

इमेज बदलताना सर्वांत कमी लक्षात येणारा धोका वर्णक्रमाचा आहे. शोध जलद व्हावा म्हणून डेटाबेस मजकुराची क्रमवार अनुक्रमणिका ठेवतो. हा क्रम तो बहुधा स्वतः ठरवत नाही, तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी लायब्ररीकडून घेतो; आणि ती लायब्ररी इमेजच्या आत असते, व्हॉल्यूममध्ये नसते. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसीच्या २.२८ या आवृत्तीत हे क्रम मोठ्या प्रमाणावर बदलले. इंग्रजी अंकांत साठवलेले ‘१-१’ आणि ‘११’ हे दोन मजकूर घेतले, तर आधी ‘११’ पहिला येत असे, नंतर ‘१-१’ पहिला येऊ लागला. गट क्रमांक आणि त्यांचे पोटहिस्से मजकूर म्हणून साठवणाऱ्या कोणत्याही कोष्टकात असे जोड असू शकतात. डेबियन ९ वर आधारलेल्या इमेजने तयार केलेले व्हॉल्यूम डेबियन १० च्या इमेजला जोडले, की अनुक्रमणिका जुन्या क्रमाने लावलेली आणि शोध नव्या क्रमाने, अशी स्थिती होते. मग कोष्टकात असलेली नोंद ‘सापडत नाही’ असे उत्तर येते, किंवा एकमेव असायला हवी ती नोंद दुसऱ्यांदा स्वीकारली जाते. आकाराने लहान म्हणून लोकप्रिय असलेल्या अल्पाइन लिनक्सच्या इमेजमध्ये तर वेगळीच सी लायब्ररी असते. डेबियनचे व्हॉल्यूम तिला जोडणे याच कारणाने असुरक्षित आहे. अशा बदलानंतर सर्व अनुक्रमणिका पुन्हा बांधाव्या लागतात. पोस्टग्रेसक्यूएल १५ पासून डेटाबेसच्या वर्णक्रमाची आवृत्ती बदलल्यास इशारा देते.

मराठी माहितीसाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हे अक्षर ‘ह’ नंतर येते. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ते ‘ल’ च्या लगेच पुढे ठेवलेले आहे. परिणामी निव्वळ संकेतांकांनुसार लावलेल्या यादीत ‘राळेगाव’ आधी आणि त्याच तालुक्यातील ‘रावेरी’ नंतर येते. मराठी कोशाच्या क्रमानुसार ‘रावेरी’ आधी यायला हवे. अधिकृत इमेज काही न सांगितल्यास अमेरिकन इंग्रजीचा क्रम धरून डेटाबेस निर्माण करते. मराठी क्रम हवा असल्यास तो डेटाबेस निर्माण करताना किंवा त्या स्तंभापुरता, आयसीयू या लायब्ररीचा मराठी क्रम निवडून सांगावा लागतो. आयसीयूची सोय पोस्टग्रेसक्यूएलमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आहे. गावांच्या किंवा खातेदारांच्या याद्या छापणाऱ्या प्रणालीत हा निर्णय आरंभीच घेणे श्रेयस्कर, कारण नंतर बदलताना सर्व अनुक्रमणिका पुन्हा उभाराव्या लागतात.

स्मृती आणि वेग

कंटेनरमुळे डेटाबेस मंदावतो ही समजूत बहुतांशी निराधार आहे. आयबीएमच्या संशोधकांनी २०१४ साली मायएसक्यूएल चालवून केलेल्या तुलनेत व्हॉल्यूम वापरणारा कंटेनर थेट यंत्रावरील वेगाच्या जवळपास राहिला, आभासी संगणक मात्र बराच मागे पडला. थरांच्या फाइल व्यवस्थेवर डेटा ठेवल्यास आणि नेटवर्क पत्त्यांचे रूपांतर मध्ये आल्यास वेग घटतो, हेही त्याच अभ्यासात दिसले.

स्मृतीची मर्यादा हा खरा काळजीचा विषय आहे. कंटेनरच्या आतून पाहिल्यास बहुधा मूळ यंत्राची संपूर्ण स्मृती दिसते, सीग्रुपने घातलेली मर्यादा दिसत नाही. बत्तीस गिगाबाइटच्या यंत्रावर चार गिगाबाइटची मर्यादा असलेल्या कंटेनरात बत्तीसच्या हिशेबाने बफर ठरवले, तर कर्नल डेटाबेसच्या प्रक्रियेला मारतो. पोस्टग्रेसक्यूएलची एक उपप्रक्रिया अशी मारली गेली की मुख्य प्रक्रिया सावधगिरीने सर्वच ग्राहकांचे संबंध तोडून पुन्हा सुरू होते. याशिवाय डॉकर सामायिक स्मृतीला मुळात ६४ मेगाबाइटच देतो. समांतर चालणाऱ्या मोठ्या पृच्छांना ती अपुरी पडते आणि डिस्कवर भरपूर जागा असतानाही ‘जागा शिल्लक नाही’ असा बुचकळ्यात टाकणारा संदेश येतो. कंटेनर सुरू करताना ही मर्यादा वाढवून देता येते.

आवृत्तीबदल आणि बॅकअप

इमेजच्या नावापुढे आवृत्ती न लिहिल्यास ‘लेटेस्ट’ गृहीत धरली जाते. पोस्टग्रेसक्यूएलच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीची फाइल रचना वेगळी असल्याने एके दिवशी नवी इमेज उतरते आणि डेटाबेस सुरू होण्यास नकार देतो. नकार देणे हे येथे सुलक्षणच आहे, कारण जुन्या फाइलींना हात लागत नाही. आधीच्या आवृत्तीची इमेज सांगितली की काम पूर्ववत चालते. मुख्य आवृत्ती बदलण्याच्या साधनाला जुनी आणि नवी अशा दोन्ही आज्ञावली लागतात, इमेजमध्ये एकच असते. म्हणून लहान डेटाबेससाठी सर्व माहिती काढून नव्या कंटेनरमध्ये भरणे हाच सरळ मार्ग ठरतो.

व्हॉल्यूम म्हणजे बॅकअप नव्हे. चालू डेटाबेसच्या फाइलींची साधी नक्कल घेतल्यास निरनिराळ्या क्षणांची पाने एकत्र येतात आणि ती नक्कल उघडेलच याची शाश्वती नसते. त्यासाठी डेटाबेसबरोबर येणारी साधने वापरावी लागतात: तार्किक प्रत काढणारे, किंवा फाइलींची मूळ प्रत घेऊन पूर्वनोंद-लॉग सतत दुसरीकडे पाठवणारे. दुसऱ्या पद्धतीने मागील कोणत्याही क्षणापर्यंत परत जाता येते. प्रत दुसऱ्या यंत्रावर असावी आणि ती अधूनमधून एखाद्या कोऱ्या कंटेनरमध्ये भरून पाहावी. हे दुसरे काम पूर्वी कंटाळवाणे होते, कारण त्यासाठी वेगळा सर्व्हर लागे. कंटेनरमुळे ते काही मिनिटांचे झाले आहे, आणि डेटाबेस कंटेनरमध्ये चालवत नसलेल्यांनाही हा लाभ घेता येतो.

मोठ्या प्रमाणावरील वापर

यूट्यूबने २०१० साली मायएसक्यूएल अनेक यंत्रांत विभागण्यासाठी व्हिटेस ही प्रणाली उभारली आणि पुढे ती गूगलच्या बोर्ग या कंटेनर नियोजकावर चालवली. तेथे स्थानिक डिस्कवरील माहिती कंटेनरबरोबर जात असल्याने टिकाऊपणाची जबाबदारी अनेक यंत्रांवरील प्रतींवर सोपवण्यात आली होती. एक कंटेनर गेला तरी नोंद दुसरीकडे आहे, ही वेगळ्या वळणाची हमी होती.

कुबरनेटिसवर आज ही जबाबदारी ‘ऑपरेटर’ म्हटल्या जाणाऱ्या आज्ञावल्या घेतात. मुख्य प्रत बंद पडल्यास दुय्यम प्रतीला पुढे आणणे, बॅकअप घेणे, आवृत्ती बदलणे अशी डेटाबेस प्रशासकाची नित्याची कामे त्या करतात. क्लाउडनेटिव्हपीजी हा असा एक मुक्त स्रोत ऑपरेटर एंटरप्राइजडीबी या कंपनीने २०२२ साली खुला केला. या कंपनीचे एक कार्यालय पुण्यात आहे. रुग्णालयांसाठीची बाहमनी ही भारतात जन्मलेली मुक्त स्रोत प्रणाली मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल हे दोन्ही डेटाबेस वापरते आणि तिचे घटक डॉकर कंपोझद्वारे उभे करता येतात. साधनांची टंचाई असलेल्या रुग्णालयात स्वतंत्र प्रशासक नसताना अनेक घटकांची प्रणाली एका फाइलीच्या आधारे उभी करता येणे, हा तेथील मुख्य लाभ आहे.

अनेक संस्था मात्र आपली सेवा कंटेनरमध्ये आणि डेटाबेस बाहेर, स्वतंत्र सर्व्हरवर किंवा क्लाउड कंपनीच्या व्यवस्थापित सेवेत ठेवणे पसंत करतात. एकाच यंत्रावर एकच डेटाबेस कायम चालणार असेल, तर कंटेनरमुळे एक थर वाढतो आणि मिळकत थोडी होते, हा त्यांचा युक्तिवाद चुकीचा म्हणता येत नाही.

सुरक्षा

अधिकृत इमेजमध्ये डेटाबेसचा परवलीचा शब्द परिवेश-चल म्हणून दिला जातो. तो केवळ डेटा निर्देशिका प्रथम निर्माण होताना वाचला जातो; नंतर चल बदलल्याने शब्द बदलत नाही. डॉकर एखादे पोर्ट बाहेर उघडतो तेव्हा फायरवॉलचे नियम आपल्या बाजूने लिहितो. त्यामुळे उबुंटूतील यूएफडब्ल्यू या फायरवॉलने बंद केलेले पोर्टही प्रत्यक्षात उघडे राहू शकते. डेटाबेस फक्त त्याच यंत्रावरून वापरायचा असल्यास पोर्ट स्थानिक पत्त्यालाच बांधावे लागते. दुसरा कंटेनर त्याच डॉकर नेटवर्कमध्ये असेल तर पोर्ट उघडण्याची गरजच नसते.

अध्यापनातील उपयोग

यवतमाळ जिल्ह्यात यवतमाळ आणि पुसद येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला डेटाबेस व्यवस्थापन हा विषय असतो. प्रयोगशाळेतील सामायिक सर्व्हरवर जे प्रयोग करण्यास कोणी धजावणार नाही, ते कंटेनरमध्ये निर्धास्तपणे करता येतात: व्यवहार अर्धवट असताना कंटेनर बळाने मारून पुन्हा सुरू झाल्यावर काय उरले ते पाहणे, मुख्य आणि दुय्यम प्रत शेजारी उभी करून मुख्य प्रत बंद पाडणे, किंवा एका टाकाऊ व्हॉल्यूमवर दोन सर्व्हर मुद्दाम सुरू करून कुलूप-फाइलीचे काय होते ते तपासणे. इमेज एकदा उतरवल्यावर इंटरनेट लागत नाही आणि पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेता येते; मंद किंवा खंडित जोडणीच्या ठिकाणी ही सोय उपयोगी पडते.